पावसाळ्यात पुण्याहून कोकणात जायचंय, इंग्रजांच्या काळातल्या जुन्या पुलांवर भरवसा ठेवावा का?

पूल जुना की नवा हे विचारूच नका, त्याच्याकडे वर्षभर कोणी बघतं का ते विचारा. माझे वडील बांधकाम खात्यात मैलकुली, म्हणजे रस्त्याची राखण-डागडुजी करणारे कायमचे कामगार होते, भोर-महाड रस्त्यावर, वरंध घाटाच्या अलीकडे. मृगाच्या आधी त्यांची टोळी गटारं उपसायची, रस्त्याखालच्या मोऱ्यांतला गाळ काढायची, साइडपट्ट्या भरायची आणि दगडी पुलांच्या सांध्यात पिंपळ उगवलेला असायचा तो काढायची. वरून कापायचा नाही, मुळासकट काढायचा आणि तिथे सिमेंट भरायचं, कारण कापलेला पिंपळ परत जोमाने फुटतो आणि मूळ जाड झालं की दगड सरकतात, मग पाणी आत शिरतं. माझे वडील पुलाला दोर बांधून खाली उतरायचे हो, साठीला आलेले असताना!

आणि आमचे दाजी, जे स्वतः रस्त्याची कामं घेतात, ते भर पंगतीत म्हणाले की मैलकुली म्हणजे झाडाखाली बसून पगार खाणारी माणसं, जेसीबी एका दिवसात सगळं करतो. जेसीबीला पिंपळाचं रोप दिसतं का? आता हाताखाली माणसंच नाहीत म्हणून गटारं बुजतात, पाणी रस्त्यावर येतं, डांबराखाली मुरतं आणि खडी उखडते, मग त्याच खड्ड्याचं टेंडर परत निघतं.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल इंग्रजांचाच होता, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या घेऊन. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, म्हणजे बांधायला पैसा मिळतो, राखायला नाही. आणि 15 जून 2025 ला पुण्याजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला, चार माणसं गेली, तो तर इंग्रजांचा नव्हता, लोखंडी होता. धोक्याचा बोर्ड लावलेला होता, पण बोर्ड गर्दी अडवत नाही, तिथे माणूस उभा लागतो.

तुमच्या प्रवासाचं म्हणाल तर वरंध पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, निघायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बघा. ताम्हिणी घाटातही दरडी येतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, पुढचा गेला तरी. मी इंजिनिअर नाही, पुलाच्या पायाखालची माती वाहून गेलीय का ते वरून बघून मलाही कळणार नाही. सगळे मैलकुली वडिलांसारखे होते असंही नाही. पण वाटेत पुलाच्या दगडांत झाड दिसलं तर फोटो काढून बांधकाम खात्याच्या उपविभागात अर्ज द्या, आणि नुसतं झाड काढा असं लिहू नका, त्या रस्त्याला कायमची माणसं नेमा असं लिहा.