पंप मोठा की फिल्टर?

प्रश्न : आम्ही घरी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा पोहण्याचा तलाव बांधत आहोत. विक्रेते सर्वांत ताकदीचा पंप सुचवतात. तो घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या तलावात ४८ हजार लिटर पाणी मावेल. ते सहा तासांत एकदा गाळून निघावे असे धरले, तर तासाला ८ हजार लिटर पाणी फिरवणारा पंप पुरतो. त्याहून मोठा पंप लहान फिल्टरला जोडल्यास पाणी फिल्टरमधल्या वाळूतून इतक्या वेगाने जाते की बारीक गाळ अडण्याऐवजी पुन्हा तलावात येतो. म्हणून जास्तीचा खर्च फिल्टरवर करावा. वेग बदलता येणारा पंप मिळाल्यास उत्तम, कारण वेग निम्मा केला की पाणीही निम्मे फिरते, पण वीज मात्र साधारण एक-अष्टमांश लागते. फिल्टरवर पाण्याचा दाब दाखवणारा दाबमापक सहज दिसेल असा बसवून घ्यावा आणि वाळू स्वच्छ असतानाचा आकडा शेजारी रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे गाळ साचून काटा वर सरकताच फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याची वेळ कळेल.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. तळाशी पाणी ओढणारी तोंडे एकमेकांपासून दूर अशी दोन असावीत आणि त्यांवर घट्ट जाळी असावी. एकच तोंड असल्यास त्या ओढीने लहान मूल तळाशी अडकू शकते.