बोटीचं कार्पेट बदलताय? जुन्यावरून नवं बेतू नका

प्रश्न: आमच्या छोट्या मोटरबोटीत टिचबटणांनी डेकला लागणारं, काढघाल करता येणारं कार्पेट आहे. आता ते पार गेलंय. स्टिअरिंगपाशी लव घासून टक्कल पडलंय, कडेचा गोट उसवलाय आणि काही बटणं लागतच नाहीत, ओढूनताणून एका बाजूची लावली की दुसरीकडची सुटतात. मित्र म्हणतो जुनं कार्पेट नव्यावर पसर, खडूने आख आणि काप, अर्ध्या दिवसाचं काम. खरंच इतकं सोपं आहे का? की सरळ ते फोमचं शीट चिकटवून टाकावं?

उत्तर: मित्राला चहा पाजा पण कात्री देऊ नका. तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा, बटणं ओढूनताणून लावावी लागतात म्हणजे कार्पेट आटलंय. या कार्पेटच्या पाठीला विनाइल किंवा रबराचा थर असतो. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते उन्हातान्हात हळूहळू उडून जातं, मग पाठ कडक होते आणि आकसते. अडीच मीटरचा तुकडा नुसता एक टक्का आटला तरी २५ मिलिमीटर गेले, आणि टिचबटणाला दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा खपत नाही. म्हणजे जुन्यावरून बेतलं की नवं कार्पेट पहिल्या दिवसापासूनच आटलेलं!

माप डेकवरूनच घ्यायचं. जाड पारदर्शक प्लास्टिक डेकवर सपाट अंथरा, टेपने पक्कं करा, आणि कडा, सीटचे पाय, झाकणं, पाणी निघायची भोकं आणि प्रत्येक बटण मार्करने उतरवून घ्या, हा झाला तुमचा साचा. जुनं कार्पेट टाकू नका मात्र, गोट कुठून कसा वळवलाय, कुठे कोपरा गोल घेतलाय हे त्यावरूनच कळतं. साच्यावर "वरची बाजू" आणि "बोटीचं तोंड इकडे" असं मोठ्ठं लिहा, कारण कार्पेट पाठीकडून कापलं तर कड साफ येते पण त्यासाठी साचा उलटा ठेवावा लागतो, आणि तेवढं एक विसरलं की डाव्या बाजूचा तुकडा उजव्या बाजूचा होऊन बसतो. लवेची दिशाही सगळ्या तुकड्यांत एकच ठेवा, नाहीतर शेजारी शेजारी ठेवल्यावर एकाच रोलमधले तुकडे दोन रंगांचे वाटतात.

माल घेताना बोटीसाठीचंच कार्पेट मागा. बहुतेक ते ऑलेफिनचं म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं असतं, हा धागा पाणी जवळजवळ पीत नाही, आणि रंग धागा बनवतानाच मिसळलेला असेल तर उन्हाने लवकर उडत नाही. घरातलं उरलंसुरलं, तागाची पाठ असलेलं कार्पेट नको, कुजतं ते. रोल आणल्यावर लगेच कापायलाही बसू नका, उन्हात उलगडून ठेवा, गुंडाळीचा बाक निघू द्या.

आता क्रम. आधी कापणं, मग गोट, बटणं सगळ्यात शेवटी. गोट शिवताना थोडंफार खेचलं जातंच, म्हणून आधी ठोकलेली बटणं हमखास जागा चुकतात. दोरा ऊन सोसणारा पॉलिएस्टरचा घ्या, साधा सुती दोरा कार्पेटच्या आधी मरतो. घरच्या शिलाई मशीनला एवढी जाडी बहुतेक झेपत नाही, तेवढं काम बोटीची कव्हरं शिवणाऱ्याकडे दिलेलं बरं.

डेकवरच्या बटणांच्या डोक्याला खडू किंवा लिपस्टिक लावा (हसू नका, छान उमटते), कार्पेट हाताने सपाट करा, ताणायचं अजिबात नाही, आणि मधल्या बटणावर दाबा. पाठीवर ठसा आला की तिथे भोक पाडून वरून टोपी, खालून वाटी बसवून ठोका, लावून बघा, मगच शेजारचं. असं मधून कडेकडे जायचं. सगळी भोकं एकदम पाडायचा मोह होतो, आवरा.

डेकमधलं एखादं बटण नुसतंच गोल फिरत असेल तर जाडा स्क्रू पिळून वेळ मारून नेऊ नका. फायबरच्या डेकच्या पोटात बऱ्याचदा प्लायवूड किंवा बाल्सा (एक हलकं, मऊ लाकूड) असतो आणि त्या भोकातून पाणी मुरलं तर कार्पेट राहील बाजूला, डेकच मऊ पडेल. भोक कोरडं करून इपॉक्सीने बुजवा, कडक झाल्यावर नव्याने ड्रिल मारा, आणि सीलंट लावून स्टेनलेसचा स्क्रू बसवा. ड्रिल मारण्याआधी खाली इंधनाची टाकी किंवा वायरी नाहीत ना ते बघा.

फोमचं म्हणाल तर पायाला सुखद आहे, पाणी धरत नाही, पण गडद रंगाचं उन्हात अनवाणी पायाला चटके देतं, आणि एकदा चिकटवलं की चिकटवलं, काढताना त्याचा गोंद खरवडणं म्हणजे शिक्षा. तुमची बटणंही काढून भोकं बुजवावी लागतील. माझं मत विचाराल तर कार्पेटच ठेवा. मासेमारी जास्त असेल तर विणलेलं विनाइल बघा, ते त्याच बटणांवर बसतं आणि पाण्याने धुतलं की झालं, फक्त गुडघे टेकून बसणाऱ्याला टोचतं.

प्रश्न: कार्पेट काढताना बटणंच कार्पेटमधून उपटून येतात, काय करू?

उत्तर: कोपरा धरून झटका देताय ना? प्रत्येक बटणाच्या अगदी जवळ बोटं घालून सरळ वर उचला. बटणांना अधूनमधून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं तेल नको, डाग पडतात. आणि धुतल्यावर पाठ पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, वरून कोरडं लागलं तरी खाली ओल असते.