डोक्यावरच्या डागावर टॅटू करू का, आणि स्थळाला सांगू का?

"भाजल्याचा जुना व्रण आहे, तिथे केस येत नाहीत, घरचे लग्नाचं बघतायत, तर परमनंट टॅटू करून घेऊ का आणि केलाच तर समोरच्यांना सांगायचं का" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे फिरून फिरून येतो. मुलांकडूनही येतो, त्यांचा डाग नसतो, टक्कल असतं एवढंच. त्यातल्या एका मुलीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी सत्तावीसची, बँकेत नोकरी. लहानपणी बंबातलं कडकडीत पाणी सांडलं आणि डाव्या कानाच्या वर तीन बोटं जागा कायमची गुळगुळीत राहिली. भांग उजवीकडून, केस डावीकडे आणून वर क्लिप, शाळेपासून हेच. माझ्याकडे आली तर पंख्याखालची मोकळी खुर्ची सोडून कोपऱ्यातली घेतली, डावी बाजू भिंतीकडे करून बसली. आईचं म्हणणं सरळ होतं, तुळशीचं लग्न झालं की स्थळं सुरू होतील, त्याच्या आत करून टाकू, पार्लरवाली म्हणते लाइफटाइम टिकतं आणि कुणाला कळतही नाही.

मी आधी स्किनच्या डॉक्टरकडे पाठवलं, कारण कातडीचा सल्ला देणं माझं काम नाही आणि पार्लरवालीचं तर नाहीच नाही. तिथून बरंच कळलं. याला मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात, सुईने कातडीत वरच्यावर रंगाचे बारीक ठिपके देतात, चकोट केलेल्या डोक्यावर खुंट दिसतात ना तसे, केस काही उगवत नाहीत. व्रणाच्या कातडीत रंग सारखा बसत नाही, कुठे पसरतो कुठे टिकत नाही, म्हणून आधी थोड्या जागेवर करून बघतात आणि मग मध्ये दिवस सोडून दोन-तीन सिटिंग. काही वर्षांत फिकट होतं, परत टचअप आलाच, म्हणजे लाइफटाइम वगैरे विसरा. साधी टॅटूची शाई वापरली तर पुढे निळसर दिसू शकतं. डॉक्टरांनी तिला विचारलं की कान टोचल्यावर गाठ आली होती का, कारण तशी कातडी असेल तर सुईनेही केलॉइड, म्हणजे व्रणावर वाढत जाणारी गाठ, येऊ शकतो. तिला नव्हती आली, व्रणही जुना आणि सपाट, त्यामुळे करायला हरकत नाही म्हणाले. (चाई पडली असेल, म्हणजे गोल चट्ट्यात केस गेले असतील, तर घाई नकोच, तिथे केस आपोआप परत येऊ शकतात. आणि कोड वाढत असेल तर सुईच्या जखमेवर नवा डाग उठू शकतो.)

मग माझं काम सुरू झालं. भांगात लावायची काळी पावडर मिळते, ती आठवडाभर लावून ऑफिसला जा म्हटलं. परत आली ती चिडूनच, "मॅडम, कुणाला काही कळलं नाही पण माझा हात दिवसभर क्लिपकडेच जात होता!" तिला दोन याद्या करायला लावल्या, डाग झाकला तर मी काय करीन आणि डाग झाकला तर लोक काय करतील. पहिल्या यादीत पोनी बांधणं, पोहायला जाणं, गाडीवर स्कार्फ न बांधणं असलं होतं. दुसऱ्या यादीत एकच ओळ, नकार येणार नाही. पहिल्या यादीतलं बरंचसं टॅटूने जमू शकतं, दुसरीचा भरवसा कुठलीच सुई देणार नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलं. आणि तुळशीच्या लग्नाची तारीख धरून तर अजिबात करू नकोस असंही, कारण पहिल्या सिटिंगनंतर खपली धरते, रंग आधी गडद दिसतो मग उतरतो, त्याच दिवसांत पाहुणे आले तर जीव अजून टांगणीला.

सांगण्याबद्दल माझं मत असं की बायोडेटात लिहायची काही गरज नाही, पण सुपारी फुटायच्या आत त्या मुलाला मुलीने स्वतः सांगावं, मधल्या माणसाकरवी नको. उद्या टचअपला जायचं तर घरात काय कारण सांगणार? माझ्याच ओळखीतले काही समुपदेशक म्हणतात की हे ज्याचं त्याचं खासगी आहे, असेल, पण संसारात अशी लपवाछपवी किती वर्षं चालते ते मी रोज बघते.

तिने शेवटी डिसेंबरात करून घेतलं, स्थळाचा संबंध न ठेवता. लांबून छान दिसतं, जवळून बघणाऱ्याला कळतं, तिला चालतंय. एका मुलाला तिने फोनवर सांगितलं, त्याच्या घरून नंतर काहीच उत्तर आलं नाही. आई अजून म्हणते सांगायलाच नको होतं, मुलगी म्हणते बरं झालं आत्ताच कळलं, आणि दोघींचं दोन दिवस बोलणं बंद होतं, म्हणून पुढच्या वेळी आईलाही सोबत बोलावलंय.