हळदीचे फोटो घरी ठेव

'ताई, मी २५ वर्षांचा, कोल्हापूरचा. लग्नं शूट करतो. उरलेल्या वेळात जुन्या वाड्यांचे शेकडो फोटो घेऊन कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करतो आणि ते भिंतीवर प्रोजेक्ट करतो. बर्लिनला येऊन हेच पूर्णवेळ करता येईल का?' असं तू विचारलंस.

येईल. पण तिकिटाचे दर बघायच्या आधी कागदावर तू कोण, ते ठरव.

आपल्याकडे फोटोग्राफर म्हणजे फोटोग्राफर. सकाळी पासपोर्ट साइज, संध्याकाळी रिसेप्शन, जमलं तर वर्षाकाठी एक प्रदर्शन. जर्मनीत मधोमध रेघ मारलेली आहे. लग्नं, पासपोर्ट फोटो ही कारागिरी; तिची धंदा म्हणून नोंदणी करावी लागते. स्वतःच्या कल्पनेतून केलेलं काम ही कला, आणि ती करणारा 'फ्रायबेरुफ्लर', म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक. दोघांनाही इथे राहून काम करायचा परवाना निवास कायद्याच्या कलम २१ खालीच मिळतो, पण निकष वेगळे, आणि कलावंताची वाट त्यातल्या त्यात सोपी.

मला हे ठाऊक नव्हतं. पोर्टफोलिओत दोन्हीची खिचडी करून परवान्याच्या कचेरीत गेले. समोरच्या बाईंनी पानं उलटली, हळदीच्या एका फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हा तुम्हाला वाटलं म्हणून काढलात, की कुणी सांगितलं म्हणून?' मी खरं ते बोलून गेले: नवरीच्या मामांनी सांगितलं म्हणून. सगळं नव्यानं जुळवून परत जावं लागलं. चूक माझीच.

तेव्हा वाडे पुढे ठेव. दहा-बाराच कामं, पण नीट. सोबत इथल्या दोन-तीन लोकांची 'याला काम देऊ इच्छितो' अशी पत्रं, मिळकतीचा अंदाज आणि आरोग्य विमा. विम्यापाशी बरेच जण अडतात. कलाकारांसाठी इथे 'क्युन्स्टलरसोत्सियालकासे' नावाची व्यवस्था आहे, कचेरी विल्हेल्म्सहाफेनला. तिच्यात शिरलास की आरोग्य आणि पेन्शनच्या हप्त्यातला साधारण निम्मा भाग तुझा. उरलेला सरकार आणि कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्या भरतात. त्यासाठी कलेतून वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कमाई लागते, पण नवख्यांना पहिली तीन वर्षं ही अट नाही. आल्यावर लगेच अर्ज कर. आणि इथल्या मराठी मंडळींनी बारशाचे फोटो काढायला बोलावलं, तर पैसे घेण्याआधी परवान्यावर काय लिहिलंय ते वाच.

डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो आणि दिवसभर आभाळ राखाडी. पहिल्या हिवाळ्यात मी कॅमेरा बॅगेतून काढलासुद्धा नाही. मग एका जुन्या इमारतीची, महायुद्धातल्या गोळ्यांनी टवके उडालेली भिंत स्कॅन करायला घेतली, तेव्हा कळलं की हे आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारा डबा आहे. सावलीच नाही! तुला माहीत आहेच, सावली सरकली की सॉफ्टवेअर गोंधळतं. १८० फोटो, प्रत्येकात आधीच्याचा ७० टक्के भाग, दीड तासात उरकले. गोळीच्या खड्ड्यात साचलेली धूळसुद्धा मॉडेलमध्ये आली. कोल्हापुरात तू पहाटे उठून ऊन वर यायच्या आत जी घाई करतोस, ती इथे नाही.

माणसांचं मात्र जपून. गणपतीच्या मिरवणुकीत आपण कुणाच्याही तोंडासमोर कॅमेरा धरतो, वर तो माणूस पोझ देतो. इथे १९०७ सालचा कायदा अजून लागू आहे: काही अपवाद सोडले तर ज्याचा चेहरा, त्याच्या संमतीशिवाय फोटो प्रसिद्ध करता येत नाही. माउअरपार्क नावाच्या बागेतल्या रविवारच्या बाजारात एका आजींनी मला उभं करून फोटो पुसायला लावला होता.

कॅमेऱ्याची नवी बॉडी निघायच्या तोंडावर घेऊ नकोस; विमानानं आणलेल्या ४३० युरोंवरच्या नव्या मालावर कर बसू शकतो. चार्जर चालतील, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. जर्मन तिकडे असतानाच शिकायला लाग; बर्लिनचे कलाकार इंग्रजी बोलतात, पण कचेऱ्यांतली पत्रं जर्मनमध्येच येतात.

तुझ्या वाड्याचं एखादं मॉडेल पाठव, बघून सांगते. आणि हळदीचाही एक फोटो पाठव. तो माझ्यासाठी.