पार्सल उघडल्यानंतरचे प्रश्न

ऑनलाइन खरेदीच्या कचऱ्याबद्दलच्या शंका फिरून फिरून त्याच येतात, म्हणून उत्तरे एकदाच.

पुठ्ठ्याचे खोके ओल्या कचऱ्यात चालेल का?
विकला जाणारा माल कुजवायचा कशाला? चिकटपट्टी काढा, खोके सपाट करा आणि रद्दीत द्या. भिजलेला, तेलकट पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही.

पत्त्याचे लेबल रद्दीत टाकावे का?
नाही. बहुतेकदा तो रसायनाचा थर दिलेला थर्मल कागद असतो. नाव, नंबर फाडून कोरड्या कचऱ्यात.

कुरियरच्या पिशवीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिले होते. आठ महिने कंपोस्टच्या ड्रममध्ये आहे, जशीच्या तशी. शेजारी म्हणतात, धीर धरा.
शेजाऱ्यांचे ऐकू नका, पिशवी आजच काढा. ‘बायोडिग्रेडेबल’ (कधी ना कधी कुजणारे) म्हणजे ‘कंपोस्टेबल’ (ठरावीक मुदतीत कुजून खतात मिसळणारे) नव्हे. कंपोस्टेबल प्लास्टिकची कसोटी म्हणजे आयएस/आयएसओ 17088 हे मानक. तिच्या चाचणीत सुमारे 58 अंश तापमान टिकवून 180 दिवसांत 90 टक्के विघटन व्हावे लागते. घरचा ड्रम तापला तरी दोन-चार दिवस, मग निवतो. म्हणजे खरी कंपोस्टेबल पिशवीसुद्धा तिथे रेंगाळणार. आणि काही पिशव्या तर साधे पॉलिथिनच, त्यात तुकडे पडायला मदत करणारे रसायन घातलेले. ते तुकडे खतातून तुमच्या कुंडीत जातात! खत चाळून घ्या. खरी कंपोस्टेबल पिशवीही रिसायकलच्या प्लास्टिकमध्ये मिसळू नका, रिसायकल करून बनणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यांची प्रत बिघडते. विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पर्यावरणाचे पोकळ दावे रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे 2024 पासून आहेत. हिरव्या पानाचे चित्र म्हणजे पुरावा नव्हे.

तीन मापांचे कुर्ते मागवून दोन परत करते. परत गेले म्हणजे कचरा नाही ना?
आहे. परतीचा प्रवास, पुन्हा तपासणी, नवी पिशवी. आणि परत आलेला प्रत्येक कपडा पुन्हा विकला जातोच असे नाही. अंगाला नीट बसणारा कुर्ता सपाट पसरून छातीची रुंदी मोजा, दुप्पट करा. तक्त्यातले माप अंगाचे की कपड्याचे, हे आधी वाचा. दोन्हींत काही इंचांचा फरक असतो आणि घोळ तिथेच होतो. शंका असेल तर विक्रेत्याला विचारा, मग मागवा.

स्वस्तातली पॉवर बँक फुगली आहे. भंगारवाला पुढच्या महिन्यात येईल, तोवर कपाटात ठेवू?
अजिबात नको. चार्ज करू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जाताना ती पेट घेऊ शकते. कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, सावलीत ठेवा. झाकण घट्ट लावू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ई-कचरा केंद्राला आजच फोन करा, फुगलेली बॅटरी घेतात का ते विचारा, आणि ते सांगतील तशीच न्या.