तृतीयपंथी, पारलिंगी आणि ‘येऊन राहिली’

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका काकूंनी विचारलंय: “सरकारी कागदात ‘तृतीयपंथी’ असतं, पेपरात हल्ली ‘पारलिंगी’ वाचते. बरोबर कोणतं? आणि समोर कोणी असलं तर बोलताना चुकू नये म्हणून काय करावं?”

काकू, दोन्ही बरोबर. फक्त प्रत्येक वेळी माणूस तोच नसतो. पंथ घ्यावा लागतो, गुरू करावा लागतो. महानुभाव पंथाचं रिद्धपूर जवळ असलेल्या आपल्या लोकांना हे काय सांगायचं! हिजडा समाजात गुरू-चेल्याचं नातं असतं, घराणी असतात; तिथे ‘पंथ’ चपखल बसतो. राज्याच्या 2024 च्या धोरणाचं नावही ‘तृतीयपंथी धोरण’च. मी मात्र महाल भागातल्या खोलीत बसून लग्नपत्रिका नि दुकानांच्या पाट्या करते, मी कुठला पंथ घेतला? मला ‘पारलिंगी’, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापलीकडची, हा शब्द जवळचा. नदीपार, सातासमुद्रापार, त्यातला ‘पार’. (आईला वडाचा पार आठवतो. चालेल.)

तिसरा शब्द मात्र टाळा. 2019 च्या कायद्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी व्यक्ति’ आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात उभयलिंगी म्हणजे पुंकेसर-स्त्रीकेसर दोन्ही असलेलं जास्वंद! एका मोर्चाच्या पत्रकात कोणीतरी तो जसाच्या तसा उचलला होता. मी खोडला आणि समासात जास्वंद काढून दिलं. त्याच पत्रकात आमची खरी तक्रारही होती: सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शस्त्रक्रियेची सक्ती नको म्हटलं, तरी 2019 च्या कायद्याने ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहून हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. ‘पारलिंगी’ नुसत्या अर्जावर, ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ मात्र ऑपरेशनवर.

पण खरी अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. ‘मी’ला लिंग नाही, ‘आलो-आले’ मात्र लगेच चुगली करतं. घरी सांगायच्या आधी दोन वर्षं मी वाक्यं निवडून बोलायची. ‘मी पाटी रंगवली’ यातलं ‘रंगवली’ पाटीचं, माझा पत्ताच नाही. ‘उद्या येईन’ यातही नाही. निघायची वेळ आली की ‘चला, निघायला पाहिजे’. आई म्हणायची, किती मोघम बोलतोस रे.

तोंडून पहिल्यांदा सुटलं ते प्रेसवाल्या काकांशी फोनवर.

“कुठं आहेस बे?”

“येऊन राहिली ना, काका.”

पुण्यात असते तर ‘येतेय’ म्हटलं असतं आणि ते कदाचित ऐकूही आलं नसतं. आपल्या ‘राहिली’ला लपायला जागाच नाही. पलीकडे थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज. मग म्हणाले, “ये. पत्रिकेचं प्रूफ तपासून जा, कालचं तसंच पडलंय.”

काका आजही मला ‘बे’च म्हणतात. त्यात अरे नाही, अगं नाही. काकू, तुम्हाला ते शोभणार नाही, तर सरळ ‘तुम्ही’ म्हणा. ‘तुम्ही कधी आलात?’ याला लिंग लागत नाही, आणि उत्तरात ‘आलो’ येतं की ‘आले’, की आपल्याकडचं ‘आली’, ते ऐकून पुढे बोला.