परभणीसारख्या गावात राहून सजावटी सुलेखन कसं शिकायचं, आणि लिहिलेलं कुणाला दाखवायचं?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. गावात क्लास नसताना सुलेखन शिकता येतं का, आधी मोडी घ्यावी की देवनागरी, आणि लिहिलेलं दाखवायची लाज वाटते तिचं काय करायचं. मी अंबाजोगाईची. दिवसा कचेरीतली नोकरी आणि संध्याकाळी बोरू, म्हणजे टोक कापून केलेली लेखणी, असं बरीच वर्षं चाललंय. त्या अनुभवावरून सांगते.

मोडीचं आधी सांगून टाकते. मोडी आत्ता नको. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं बाहेर निघाली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला मराठवाड्यात एकदम मान आला. तो योग्यच आहे. पण मोडी वाचणं निराळं आणि मोडीत सुंदर लिहिणं निराळं. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत हात फारसा न उचलता पुढे जातात. त्या धावत्या हाताला वळण हवं असेल तर बोरू आधी स्थिर लागतो, आणि तो देवनागरीत लवकर बसतो. सुलेखनकार अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून तिच्या वळणांतून स्वतःची मुक्त शैली काढली, २०२५ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्यांचं काम जरूर बघा, पण त्यातले फटकारे बघून पहिल्याच आठवड्यात तसले फटकारे मारायला जाऊ नका.

आता सामान. दुकानात कॅलिग्राफीच्या निबांचा जो डबा मिळतो तो बहुतेक वेळा रोमन अक्षरांसाठी असतो. रोमनच्या आणि देवनागरीच्या निबचा तिरपा काप एकमेकांच्या उलट असतो. तो डबा घेऊन मराठी लिहायला बसलं की जिथे अक्षर जाड हवं तिथे बारीक येतं, आणि माणूस समजतो की आपला हातच वाईट. घरात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातली जुनी पोथी असेल तर ती समोर ठेवा, कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक ते बघा आणि मग आपल्या निबनं तशी येते का ते तपासा. नाही आली तर निब बदला.

त्याहून सोपं म्हणजे बोरू स्वतः कापणं. बुरूड आळीत जाऊन कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, दोन-चार कामट्या मागा, बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत. बोटाएवढी रुंद कामठी घ्यायची, आतली मऊ बाजू चाकूनं खरवडून टोक नखासारखं पातळ करायचं, बाहेरची चकचकीत कडक साल शाबूत ठेवायची. लिहायची धार त्या सालीलाच येते. मग टोक कडक लाकडावर ठेवून एकाच दाबात तिरकं कापायचं. दोनदा कापलं की धार दातेरी होते. शेवटी बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा फिरवायचं. मोठ्या अक्षरांसाठी मी तुराटीचंही टोक कापून वापरते. ती शाई लवकर पिते आणि रेघ खरखरीत उमटते, पण एखाद्या शब्दाला तो खरखरीतपणाच शोभतो.

शाईसाठी वेगळा खर्च नको. साधी काळी ड्रॉइंगची शाई किंवा पातळ केलेला पोस्टर कलर चालतो. जुन्या पद्धतीची करायची हौस असेल तर काजळ आणि बाभळीचा डिंक आपल्याकडे आहेच. एक गोष्ट मात्र पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी दौतीतली शाई घट्ट होत जाते आणि बोरूच्या टोकावर पापडी धरते. रेघ तुटते ती त्यामुळे. उन्हाळ्यात सकाळी लवकर लिहा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा, आणि पंख्याखाली अजिबात बसू नका.

कागद सरावाला कुठलाही. छापखान्यात लग्नपत्रिका कापून उरलेल्या पट्ट्या मिळतात, त्यांच्यावर शाई फारशी फुटत नाही. चांगल्या कामासाठी एकदा हातकागदाच्या गावाला, कागजीपुऱ्याला, जाऊन या. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत लागतं. तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली तेव्हा कागद करणारे कारागीर सोबत आले, असं तिथे सांगतात. हातकागद घेताना कोपऱ्यावर शाईचा एक ठिपका टाकून बघा. कडा फुटल्या तर तो कागद भिंतीवर लावायला चांगला, लिहायला नाही.

आता शिकायचं कसं. पहिल्या दिवशी बोरूही नको. दोन पेन्सिली रबरबँडनं एकत्र बांधा आणि अक्षर काढा. दोन रेघा सोबत चालतात, कुठे लांब होतात, कुठे एकमेकींवर येतात, आणि जाड-बारीक कशानं होतं ते डोळ्यांना दिसतं. शाळेतल्या फळ्यावर खडूचा तुकडा आडवा धरूनही हेच होतं. आपल्याकडे ज्या बाईंचा सुविचार फळ्यावर छान दिसायचा, त्यांचा हात तिथेच बसलेला असायचा.

मग अक्षरं घराण्यानं घ्या, बाराखडीच्या क्रमानं नको. ग, म, न, त यांचा दंड, म्हणजे उभी रेघ, शेवटी. क आणि फ यांचा मधोमध. ट, ठ, ड, ढ, द यांना पूर्ण दंडच नाही, मान आणि पोट. एका घराण्यातलं एक अक्षर जमलं की बाकीची निम्मी आपोआप येतात. ल आणि श मराठी वळणाचे काढा, पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यात हीच वळणं धरली आहेत, पण मोबाइलवर हिंदी वळण इतकं दिसतं की पोरांना आपलं वळण परकं वाटायला लागलंय. मला हे खुपतं. तुम्हाला खुपत नसेल तर सोडून द्या.

अक्षरं जमली की खरं काम सुरू होतं, ते अक्षरांमधल्या मोकळ्या जागेचं. 'मराठवाडा' हा शब्दच लिहून बघा. 'वा'मध्ये दोन दंड जवळजवळ उभे राहतात आणि तिथे काळं दाटतं. त्याच्या अलीकडचा ठ गोल, त्याच्या खाली दोन्ही बाजूंना पोकळी. पट्टीनं सारखं अंतर ठेवलं तर शब्द मधे फाटल्यासारखा दिसतो. 'ठ' थोडा आत सरकवावा लागतो आणि 'वा'चे दंड जरा लांब करावे लागतात. हे कुठल्या पुस्तकात वाचून हातात येत नाही. यासाठी गावातला जुना पेंटर गाठा. फ्लेक्स यायच्या आधी ज्यांनी दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या, ते लोक अजून आहेत. कुणी घराला रंग देतं, कुणी पानटपरी चालवतं. ते याला सुलेखन म्हणणार नाहीत, पण सूत मारून, म्हणजे दोरा ताणून सरळ रेघ उमटवून, मधलं अक्षर आधी टाकायचं आणि दोन्हीकडे पाटी कशी भरत न्यायची, हे त्यांना डोळे मिटून येतं. मी जे काही अंतर शिकले ते एका पेंटरमामांकडून, चहाच्या मोबदल्यात.

तुम्ही 'सजावटी' असं विचारलंय म्हणून सजावटीबद्दल थोडं. वेलांटी, उकार, रफार आणि मात्रा या चार जागा फुलवायला मोकळ्या असतात. एका शब्दात एकच जागा फुलवा. आणि शिरोरेघ एका झटक्यात ओढायचा मोह आवरा. भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ तुटकी असते ती उगीच नाही. सरसकट रेघ ओढली की धनाचं घन होतं आणि 'भरती' लिहिलेल्या फलकावर लोक 'मरती' वाचून पुढे जातात. तशीच वेलांटी. तिला शेपूट देता देता ती पहिली आहे की दुसरी हेच कळेनासं झालं तर ती नक्षी आहे, लेखन नव्हे.

अंबाजोगाईला आलात तर दासोपंतांच्या पासोडीबद्दल विचारा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं आपला पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या तत्त्वज्ञानाचा, ग्रंथ कागदावर न लिहिता सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिला. मी कुणी नवं शिकायला आलं की तिच्याबद्दल सांगतेच, आणि ते सजावटीसाठी नाही. कापड शाई ओढून घेतं, त्याचा पोत उंचसखल असतो, आणि तरीही इतकी लांबी हातानं भरायची म्हणजे हात ओळीमागून ओळ त्याच मापात चालवावा लागणार. अजून एकाच शब्दात दमणाऱ्या आपल्या हाताला हे ऐकवलेलं बरं.

आता दाखवण्याचं. लाज वाटते म्हणता, पण मला वाटतं तुमची अडचण लाजेची नाही. दाखवून उपयोग काय होतो, तिथे आहे. गटावर फोटो टाकला की खाली 'अप्रतिम', 'खूपच सुंदर', हात जोडलेले, फुलं. यातून कुणी काहीच शिकत नाही, ना लिहिणारा ना बघणारा. शिवाय फोटोत अक्षर लहान होतं, फुटलेल्या कडा दिसत नाहीत, आणि वाकडी ओळ सरळ कापून टाकता येते. फोटो टाकायचाच तर खिडकीजवळच्या उजेडात घ्या, पूर्ण पान घ्या, पेन्सिलीच्या रेघा न खोडता घ्या, आणि विचारताना नेमकं विचारा. 'कसं वाटलं' नको. 'यातला ठ डावीकडे पडतोय का' असं विचारलं की बरोबर उत्तर येतं, कारण उत्तर देणाऱ्यालाही बघावं लागतं.

आमच्याकडे जे चाललंय ते असं. अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशा ठिकाणचे आम्ही काही जण आहोत. कुणी शिक्षक, कुणी शिंपी, एक जण औषधाच्या दुकानात. आमची एक फिरती वही आहे. प्रत्येक फेरीला एकच ओळ ठरते आणि ती ज्याची त्यानं आपल्या पानावर लिहायची, शेजारच्या पानावर आधीच्यांच्या पानांतली एक खोड पेन्सिलीनं दाखवायची. स्तुती लिहायला मनाई नाही, पण जागाच ठेवलेली नाही. वही एसटी पार्सलनं जाते, नाहीतर कुणी लग्नाला निघालेला असतोच. एकच ओळ सगळ्यांची असल्यामुळे कुणाचा हात चांगला यावर बोलणंच होत नाही, त्या ओळीतला अवघड जोड कुणी कसा सोडवला यावर होतं. पहिल्या फेरीला नवा माणूस घाबरतो. दुसऱ्या फेरीला त्याला आपल्या आधीच्या पानातल्या चुका दुसऱ्यांआधी दिसतात, आणि मग दाखवण्याचा प्रश्न राहत नाही.

ओळ निवडताना संतांकडे जा. तुमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई आहे, शेजारी नरसीचे नामदेव आहेत, पैठणचे एकनाथ आहेत. त्यांच्या शब्दांत काने, मात्रा, वेलांट्या भरपूर आणि जोडाक्षरं सोपी असतात. हयात कवीची ओळ घेतली तर खाली त्याचं नाव लिहा, आणि ती फ्रेम विकणार असाल तर आधी विचारा. दुसऱ्या सुलेखनकाराची रचना सरावाला उतरवायला हरकत नाही, पण चारचौघांत ठेवताना मूळ कुणाचं ते सांगायचं.

परभणीत असा गट उभा करायचा असेल तर वाचनालयात विचारा, महिन्यातला एक रविवार संध्याकाळी टेबल मोकळं देतील. तीन माणसं पुरतात. सुरुवातीला सहा-सात जण येतात आणि त्यातले बरेच जण लग्नपत्रिकेवर फुकट नावं लिहून कोण देईल हे बघायला आलेले असतात. ती नावं लिहूनही द्या, आडनावांइतकी विचित्र जोडाक्षरं दुसरीकडे सापडत नाहीत. मात्र पाकिटं घेऊन येणाऱ्याला एक नाव स्वतः बोरूनं लिहायला लावा. वहीचा एक नियम मात्र पहिल्या दिवशीच ठरवा: आठ दिवसांत पान झालं नाही तर कोरं पान सोडून वही पुढे पाठवायची, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. आधी हा नियम नव्हता तेव्हा वही एकाच घरी अडकून पडायची.